सैन्यदलातील नर्सिंग असिस्टंटची नोकरी : गोव्यातील विज्ञान शाखेच्या मुलाने हा मार्ग धरावा का?

वाळपईची वाचक

सर्व सदस्यांना नमस्कार. माझा धाकटा भाऊ यंदा बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाला. जीवशास्त्रात त्याला चांगले गुण आहेत. परंतु नीटमध्ये एमबीबीएसची जागा मिळण्याइतके गुण पडले नाहीत आणि खासगी महाविद्यालयाचे शुल्क आमच्या घराला झेपणारे नाही. वडिलांचे म्हणणे असे की त्याने बांबोळीला बी.एस्सी. नर्सिंगसाठी प्रयत्न करावा आणि गोव्यातच राहावे. भावाने मात्र सैन्यातील नर्सिंग असिस्टंटच्या भरतीविषयी वाचले आणि तेव्हापासून तो रोज पहाटे उठून धावायला जातो. घरात यावरून भांडण नाही, पण जेवताना विषय निघाला की सगळे गप्प होतात.

आमच्या वाड्यावरचे बहुतेक मुलगे होंडा-पिसुर्ल्याच्या कारखान्यांत कामाला आहेत, काही जहाजावर गेले. सैन्यात गेलेले जवळचे असे कोणी नाही, त्यामुळे विचारायचे तरी कोणाला, हा प्रश्न आहे. जाणकारांनी तीन गोष्टींवर मार्गदर्शन करावे, ही विनंती. ही नोकरी अग्निवीरासारखी चार वर्षांची असते का? प्रत्यक्षात काम कोणते करावे लागते? वडिलांना वाटते की गणवेश घातलेल्या वॉर्डबॉयचे काम असेल. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, निवृत्त होऊन गोव्यात परतल्यावर या प्रशिक्षणाला इथल्या रुग्णालयांत मान्यता मिळते का? उत्तर कडू असले तरी चालेल, पण खरे असावे.

निवृत्त हवालदार, पेडणे

ताई, आपण प्रश्न नीट मांडलात, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. मी आर्मी मेडिकल कोअरमध्ये, म्हणजे सैन्याच्या वैद्यकीय विभागात, नर्सिंग असिस्टंट म्हणून भरती झालो आणि हवालदार या हुद्द्यावरून निवृत्त झालो.

चार वर्षांची शंका आधी दूर करतो. 2022 मध्ये अग्निपथ योजना लागू झाल्यापासून जवानांची बहुतेक भरती अग्निवीर म्हणून होते आणि चार वर्षांनी त्यांतील पंचवीस टक्क्यांपर्यंत जवान नियमित सेवेत घेतले जातात. 'सोल्जर टेक्निकल (नर्सिंग असिस्टंट)' हा प्रवर्ग मात्र त्यानंतरच्या जाहिरातींतही नियमित सेवेचा म्हणून वेगळा ठेवलेला आहे. म्हणजे शिपाई, नाईक, हवालदार, नायब सुभेदार अशी बढतीची वाट खुली राहते आणि पंधरा वर्षांची सेवा पूर्ण झाल्यावर निवृत्तिवेतनाचा हक्क मिळतो. सातव्या वेतन आयोगानुसार मूळ वेतन 21,700 रुपयांपासून सुरू होते, त्यावर दरमहा 5,200 रुपये सैनिकी सेवा वेतन आणि महागाई भत्ता. अर्ज भरताना 'अग्निवीर टेक्निकल' आणि 'सोल्जर टेक्निकल (नर्सिंग असिस्टंट)' ही दोन नावे शेजारी-शेजारी दिसतात. भावाने घाईघाईत भलताच प्रवर्ग निवडू नये.

आता वॉर्डबॉयच्या शंकेविषयी. निवड झालेल्या मुलाला लखनौच्या आर्मी मेडिकल कोअर सेंटर अँड कॉलेजमध्ये पाठवतात. तेथे पहिले काही महिने तो फक्त सैनिक असतो : परेड, रायफल, पाठीवर वजन घेऊन धावणे, नकाशा वाचणे. त्यानंतर शरीररचना, शरीरक्रिया, औषधे, जखमांची निगा, इंजेक्शन, सलाइन, निर्जंतुकीकरण, छावणीची स्वच्छता आणि पाण्याचे शुद्धीकरण हे सर्व शिकवले जाते. ज्याला बारावीचे जीवशास्त्र समजून उमजून आले आहे त्याला हा भाग जड जात नाही; ज्याने ते घोकलेले असते त्याची मात्र तारांबळ उडते. पुढे सेवेत असताना ऑपरेशन रूम असिस्टंट, लॅबोरेटरी असिस्टंट, रेडिओग्राफर, रक्तसंक्रमण विभाग अशा शाखांचे अभ्यासक्रम करता येतात. पहिल्या काही वर्षांतच एखादी शाखा मिळवण्याच्या प्रयत्नाला लागावे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण निवृत्तीनंतर उपयोगाला तीच येते.

शांततेच्या ठिकाणी दिवस पहाटे सुरू होतो. पलटणीच्या एम.आय. रूमपुढे, म्हणजे तपासणीच्या खोलीपुढे, आजारी जवानांची रांग लागते. डॉक्टर, म्हणजे आर.एम.ओ., येण्यापूर्वी नर्सिंग असिस्टंटने प्रत्येकाचे तापमान, नाडी आणि रक्तदाब पाहून नोंदवहीत लिहायचे असते, आणि त्याच वेळी रांगेवरून नजर फिरवून कोणाला आधी आत घ्यायचे हे ठरवायचे असते. कोणाचा पाय मुरगळलेला असतो, कोणाला ताप असतो. पण मागे भिंतीला टेकून गप्प उभा असलेला आणि घामाने निथळलेला जवान नेमका आपल्या नजरेतून सुटता कामा नये. उन्हाळ्यात दहा किलोमीटर धावून आलेल्या जवानाला उष्माघात झाला असेल, तर त्याला आधी थंड करायचे आणि मग हलवायचे, हे जागच्या जागी ठरवणारा माणूस बहुधा नर्सिंग असिस्टंटच असतो.

युद्धाच्या आघाडीवर जबाबदारी वाढते. जखमी जवान प्रथम पलटणीच्या मदत चौकीवर येतो, तेथून ड्रेसिंग स्टेशन, मग फील्ड हॉस्पिटल आणि पुढे मोठी रुग्णालये, अशी साखळी असते. या साखळीचे पहिले टोक म्हणजे नर्सिंग असिस्टंट. हातापायाच्या जखमेतून वाहणारे रक्त वेळीच थांबवले तर जीव वाचतो. न थांबवले तर पुढे कितीही मोठे शल्यचिकित्सक बसलेले असोत, त्यांच्यापर्यंत तो पोहोचतच नाही. म्हणून पट्टी कशी दाबायची, टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवण्यासाठी आवळायचा पट्टा, किती घट्ट बांधायचे आणि ते बांधल्याची वेळ जखमीसोबत जाणाऱ्या कार्डावर ताबडतोब कशी लिहायची, हे अंधारात आणि पावसातही हात चुकणार नाहीत इतके अंगवळणी पाडतात. वेळ लिहिणे ही क्षुल्लक बाब वाटेल, परंतु तेवढ्या एका ओळीवरून पुढच्या डॉक्टरला तो हात वाचेल की नाही याचा अंदाज येतो.

उंचावरच्या चौक्यांचे काम गोव्याच्या मुलाला अगदी नवखे असते. समुद्रसपाटीवरून गेलेल्या माणसाला तिथे टप्प्याटप्प्याने नेतात : साधारण 2,700 ते 3,600 मीटरवर सहा दिवस, 3,600 ते 4,500 मीटरवर चार दिवस आणि त्याहून वर जाताना आणखी चार दिवस. हे दिवस कोणी कमी करू पाहत असेल, तर त्याला अडवणे हेही नर्सिंग असिस्टंटचे काम आहे, मग समोरचा हुद्द्याने मोठा का असेना. चौकीवर रोज सकाळी प्रत्येकाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून प्राणवायूची पातळी लिहायची, कोरडा खोकला आणि बसल्या जागी लागलेली धाप यांची चौकशी करायची, ओठांचा आणि नखांचा रंग पाहायचा. फुफ्फुसांत पाणी भरू लागले असेल तर प्राणवायू द्यायचा आणि लवकरात लवकर खाली न्यायचे, याला पर्याय नाही. हवामानामुळे हेलिकॉप्टर येत नसेल तर रुग्णाला हवा भरलेल्या दाबाच्या पिशवीत ठेवून ती पायाने पंप करत राहायचे. तेथे सलाइनची बाटली उघड्यावर ठेवली तर गोठते, म्हणून ती कोटाच्या आत छातीशी धरून ठेवावी लागते. रात्रभर असे बसून सकाळी रुग्णाला हेलिकॉप्टरमध्ये चढवलेल्या माणसाला वॉर्डबॉय म्हणावे का, हे आपल्या वडिलांनीच ठरवावे. त्यांचा अवमान करण्याचा हेतू नाही. वॉर्डातील कामही हलके नसते आणि सैनिकी रुग्णालयात बदली झाली की बेडपॅन, अंग पुसणे, चादर बदलणे हे सर्व आम्हीही केले आहे. ते करायची ज्याला लाज वाटते त्याने या कोअरमध्ये येऊच नये.

आणखी एक गोष्ट भावाला सांगावी. 1949 च्या पहिल्या जिनिव्हा करारानुसार जखमी माणूस आपला की शत्रूचा असा भेद वैद्यकीय कर्मचाऱ्याला करता येत नाही. ज्याला उपचाराची निकड अधिक, तो आधी. त्याच करारामुळे दंडावर लाल क्रॉस लावलेल्या वैद्यकीय सैनिकाला संरक्षण मिळते आणि स्वतःच्या व रुग्णांच्या बचावापुरते शस्त्र बाळगता येते. आमच्या कोअरचे ब्रीद 'सर्वे सन्तु निरामयाः' असे आहे. 2023 च्या फेब्रुवारीत तुर्कस्तानात भूकंप झाला तेव्हा भारतीय सैन्याच्या 60 पॅरा फील्ड हॉस्पिटलने इस्कंदरूनमध्ये रुग्णालय उभारले होते. याच तुकडीने, तेव्हाच्या 60 पॅरा फील्ड अॅम्ब्युलन्सने, 1950 ते 1953 या काळात कोरियाच्या युद्धात लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली जखमींची सेवा केली होती. असे काम डॉक्टरांच्या नावाने ओळखले जाते, पण तंबू उभारण्यापासून टाके काढण्यापर्यंत नर्सिंग असिस्टंटच्या हाताशिवाय ते उभे राहत नाही.

अवघड भागही सांगतो, कारण आपण तोच मागितला आहे. बदल्या सतत होतात. वर्षाला साठ दिवसांची वार्षिक रजा आणि तीस दिवसांची किरकोळ रजा असते, परंतु ती चवथीलाच मिळेल याची हमी नसते. माझ्या नोकरीतील कितीतरी चतुर्थ्या माटोळीशिवाय गेल्या. ओळखीच्या जवानाला आपल्या हातावर प्राण सोडताना पाहावे लागते. ते घेऊन घरी येतो तेव्हा घरच्यांना सांगताही येत नाही आणि लपवताही येत नाही. भाऊ धावायला जातो हे उत्तम. त्याने एकदा एखाद्या अपघात विभागाच्या दारात काही तास बसून रक्त आणि आक्रोश आपल्याला सोसतो का, हेही पाहून घ्यावे.

जीवशास्त्र शिक्षक, म्हापसा

हवालदारसाहेबांनी कामाचे स्वरूप मांडले आहे, त्यामुळे मी केवळ पात्रतेविषयी लिहितो. आमच्या उच्च माध्यमिक विद्यालयातील काही मुलांचे अर्ज मी जवळून पाहिले आहेत.

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेत, एकूण किमान 50 टक्के आणि प्रत्येक विषयात किमान 40 टक्के गुण हवेत. वयोमर्यादा साडेसतरा ते तेवीस वर्षे. एकूण टक्केवारी पाहून मुले निर्धास्त होतात आणि इंग्रजीतील अडतीस गुण आड येतात, म्हणून गुणपत्रिका विषयवार तपासावी. 2023 पासून आधी संगणकावरील सामायिक प्रवेश परीक्षा होते आणि तीत उत्तीर्ण झालेल्यांनाच भरती मेळाव्याला बोलावतात. या प्रवर्गाच्या प्रश्नपत्रिकेत जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र यांवर सर्वाधिक भर असतो आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात. मेळाव्यात 1.6 किलोमीटर धाव, बीमवरील पुलअप्स, नऊ फुटांचा चर ओलांडणे आणि तोल सांभाळत चालणे अशा कसोट्या असतात. नीटची तयारी केलेल्या मुलाला लेखी परीक्षा सोपी जाते. तो अडतो बीमवर. धावण्याचा सराव सगळे करतात, पुलअप्सचा फारसा कोणी करत नाही.

उत्तर आणि दक्षिण गोवा हे दोन्ही जिल्हे कोल्हापूरच्या सैन्य भरती कार्यालयाच्या कक्षेत येतात. रहिवासी दाखला मामलेदार कार्यालयातून घ्यावा लागतो आणि त्याला वेळ लागतो, म्हणून तो अर्जाआधीच काढून ठेवावा. चारित्र्याचा आणि अविवाहित असल्याचा दाखला मात्र सहा महिन्यांपेक्षा जुना चालत नाही, तेव्हा तो फार आधी काढण्यात अर्थ नाही. भरती करून देतो असे सांगून पैसे मागणारा कोणीही भेटला, तरी त्याला घराच्या पायरीवरूनच परत पाठवावे.

वास्कोवासी, माजी नाविक

नौदलाचा पर्यायही भावाने विचारात घ्यावा, असे सुचवतो. मी नौदलात मेडिकल असिस्टंट होतो. अलीकडच्या जाहिरातींत नौदलाने मेडिकल असिस्टंटची भरती अग्निवीरांपासून वेगळी काढून नियमित नाविक म्हणून केली आहे आणि तीत आरंभीचा सेवाकाळ वीस वर्षांचा आहे. पहिले प्रशिक्षण ओडिशात आय.एन.एस. चिल्का येथे होते आणि वैद्यकीय प्रशिक्षण मुंबईत कुलाब्याच्या आय.एन.एच.एस. अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयात. गोवेकरासाठी यात एक सोय अशी की वास्कोतच नौदलाचे आय.एन.एच.एस. जीवंती हे रुग्णालय आहे आणि कारवारला आय.एन.एच.एस. पतंजली, तेथेच नेमणूक मिळेल असे कोणी सांगू शकत नाही, पण सेवेच्या काळात कधीतरी घराजवळ येण्याची आशा बाळगता येते.

जहाजावरचे काम हवालदारसाहेबांनी सांगितलेल्या कामापेक्षा वेगळे आहे. मोठ्या जहाजावर डॉक्टर असतो. लहान जहाजावर बहुधा नसतो आणि सिक बेमध्ये, म्हणजे जहाजावरच्या दवाखान्यात, मेडिकल असिस्टंट एकटाच असतो. किनारा दूर आहे, एका खलाशाच्या पोटात उजव्या बाजूला खाली कळ येते आहे, त्याला उलट्या होत आहेत आणि कॅप्टन विचारतो आहे की जहाज वळवायचे का. अशा वेळी आपण पोट कसे दाबून पाहिले, तापमान किती वेळा घेतले आणि संदेशात डॉक्टरला काय कळवले, यावर तो निर्णय ठरतो. नेमके आणि थोडक्यात कळवता येणे हे इंजेक्शन देता येण्याइतकेच महत्त्वाचे कौशल्य आहे, आणि शाळेत ते कोणी शिकवत नाही.

जहाजातील शिड्या उभ्या आणि दारे अरुंद. इंजिनाच्या खोलीत कोणी भाजला किंवा पडला तर साधे स्ट्रेचर तेथून वर येतच नाही. नील रॉबर्टसन स्ट्रेचरमध्ये माणसाला मानेपासून पायांपर्यंत बांधून, उभ्यानेच दोराने वर ओढावे लागते. याचा सराव बंदरात पुन्हा पुन्हा घेतात आणि स्ट्रेचरमध्ये बांधून घ्यायला कोणी सहसा पुढे येत नाही, तेव्हा मेडिकल असिस्टंटने स्वतः आडवे व्हावे. रुग्णाला काय वाटते ते एकदा तरी अंगावर अनुभवलेले बरे. याशिवाय पिण्याचे पाणी तपासणे, स्वयंपाकघराची स्वच्छता, स्वयंपाक्यांच्या नखांपासून जखमांपर्यंतची पाहणी ही रोजची कामे. शेकडो माणसे एकाच भांड्यातले जेवतात. एका निष्काळजीपणाने अख्खे जहाज आडवे होऊ शकते.

हवाई दलातही मेडिकल असिस्टंट हा नियमित सेवेचा प्रवर्ग आहे आणि त्याचे पहिले प्रशिक्षण आपल्या शेजारी, बेळगावच्या सांबऱ्याला होते. नौदल आणि हवाई दल यांची वयोमर्यादा भूदलापेक्षा कमी, साधारण एकविसाव्या वर्षापर्यंतच असते, तेव्हा प्रयत्नांचा क्रम त्यानुसार लावावा.

डिचोलीची विद्यार्थिनी

हा धागा वाचून मलाही विचारावेसे वाटते. मी बारावी विज्ञान शाखेत आहे. वर लिहिलेले सर्व मार्ग मुलांसाठीच आहेत का? मुलींना सैन्यात रुग्णसेवा करायची असेल तर काय करावे?

निवृत्त परिचर्या अधिकारी, फोंडा

बाय, तुझा प्रश्न योग्य आहे. भूदलातील नर्सिंग असिस्टंटची आणि नौदल व हवाई दलातील मेडिकल असिस्टंटची भरती आजवर पुरुष उमेदवारांचीच होत आली आहे. मुलींसाठी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस हा वेगळा आणि हुद्द्याने वरचा मार्ग आहे, कारण त्यात परिचारिका अधिकारी म्हणून, लेफ्टनंट या हुद्द्यावर, रुजू होते. या सेवेचा आरंभ 1888 साली मुंबईत उतरलेल्या परिचारिकांपासून मानला जातो.

बारावीनंतरचा मार्ग म्हणजे सैन्यदलाच्या नर्सिंग महाविद्यालयातील चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग पदवी. पुणे, मुंबई, दिल्ली, लखनौ, कोलकाता आणि बंगळूर अशी सहा महाविद्यालये आहेत आणि सर्व मिळून 220 जागा. त्यांपैकी पुणे आणि मुंबई येथे प्रत्येकी 40. नीटचे गुण त्यासाठी धरले जातात, त्यानंतर संगणकावरील परीक्षा, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी. म्हणून नीटचा अर्ज 'मला कुठे डॉक्टर व्हायचे आहे' असे म्हणून सोडू नकोस. शिक्षणाचा खर्च सरकार करते आणि त्या बदल्यात सेवेचा करार लिहून द्यावा लागतो. तो घरच्यांसोबत बसून शब्दन् शब्द वाच. या पदवीनंतर राज्य परिचर्या परिषदेत नोंदणी होते, त्यामुळे सेवेबाहेर पडल्यावरही नोंदणीकृत परिचारिका म्हणून काम करता येते.

माझ्या वॉर्डातील नर्सिंग असिस्टंटविषयीही दोन शब्द लिहिणे मला आवश्यक वाटते. आम्ही अधिकारी होतो आणि ते जवान, तरीही रात्रपाळीला एखाद्या अत्यवस्थ रुग्णाची नाडी बदलल्याचे पहिल्यांदा त्यांच्याच लक्षात यायचे, कारण कुशीवर वळवताना आणि पाणी पाजताना रुग्णाला हात त्यांचा लागत असे. हात किंवा पाय गमावलेल्या जवानाला पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात पाठवण्याआधीचे दिवस फार कठीण असतात. तो डॉक्टरांशी बोलत नाही, घरच्या फोनवर बोलत नाही. पण दाढी करून देणाऱ्या नर्सिंग असिस्टंटशी बोलतो. वाळपईच्या ताईंनी हे वडिलांना अवश्य वाचून दाखवावे.

वाळपईची वाचक

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. सर्व उत्तरे मी बाबांना वाचून दाखवली. उंचावरच्या चौकीचा भाग त्यांनी पुन्हा वाचायला सांगितला आणि वॉर्डबॉय हा शब्द त्यानंतर घरात कोणी काढलेला नाही. त्यांची उरलेली हरकत एकच आणि ती मलाही रास्त वाटते : तो चाळिशीच्या आसपास परत येईल, तेव्हा गोव्यात त्याला कोण विचारणार? आणि दुसरे असे की, बी.एस्सी. नर्सिंगची जागा मिळत असेल तर ती सोडून भरतीची वाट पाहत बसावे का?

निवृत्त हवालदार, पेडणे

ताई, वडिलांची हरकत रास्तच आहे आणि ती झाकून ठेवणे योग्य नाही.

सैन्यातील नर्सिंग असिस्टंटचे प्रशिक्षण कितीही चांगले असले, तरी केवळ त्याच्या बळावर परिचर्या परिषदेत आपोआप नोंदणी मिळत नाही, आणि नोंदणी नसेल तर रुग्णालयात स्टाफ नर्स म्हणून नेमणूक होत नाही. निवृत्तीनंतर मी एका खासगी रुग्णालयात चौकशीला गेलो तेव्हा माझी प्रमाणपत्रे आदराने पाहिली गेली आणि मग मला सुरक्षारक्षकाची जागा देऊ केली गेली. युद्धभूमीवर टाके घातलेल्या हाताला गेटवर उभे करणे हा त्या हाताचा अपव्यय आहे, आणि सरकारने या प्रशिक्षणाला नागरी समकक्षता मिळण्याची सरळ वाट करून द्यावी, असे मी प्रत्येक ठिकाणी आग्रहाने मांडतो.

तरीही मार्ग बंद नाहीत. केंद्र सरकारच्या गट क पदांत माजी सैनिकांसाठी दहा टक्के आरक्षण आहे. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, म्हणजे ईसीएचएसच्या, पॉलिक्लिनिकमध्ये नर्सिंग असिस्टंट आणि लॅबोरेटरीची पदे कराराने भरतात व तेथे माजी सैनिकांना प्राधान्य असते. कायद्यानुसार पाचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्याला अॅम्ब्युलन्स रूम, म्हणजे उपचाराची खोली, ठेवावी लागते. वेर्ण्यासारख्या औद्योगिक वसाहतींत अनुभवी माणसाला तेथे मागणी असते. सर्वांत पक्की वाट म्हणजे सेवेतच रेडिओग्राफर, लॅबोरेटरी किंवा ऑपरेशन रूमची शाखा घेणे, प्रत्येक अभ्यासक्रमाच्या प्रमाणपत्रासोबत विषय आणि तासांचे विवरण मागून घेणे, आणि शेवटच्या काही वर्षांत मिळणाऱ्या पुनर्वसन प्रशिक्षणात मान्यताप्राप्त अभ्यासक्रमच निवडणे. माझ्यासोबतच्या ज्यांनी हे केले ते आज एक्स-रे विभागांत आणि शस्त्रक्रियागृहांत सन्मानाने काम करत आहेत.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. जागा मिळत असेल तर त्याने प्रवेश घ्यावा आणि शिकता-शिकता भरती द्यावी. भूदलासाठी तेवीस वर्षांपर्यंत वेळ आहे, आणि पदवी पूर्ण होत आली तोवर निवड झाली नाही, तर हातात नोंदणी मिळवून देणारी पदवी राहील. मधेच निवड झाली तर मात्र अभ्यासक्रम सोडावा लागेल, तेव्हा प्रवेशाच्या वेळी जागा सोडण्याच्या अटी आणि दंडाची रक्कम लेखी विचारून घ्यावी.

प्रवेश घेण्याआधी दोन कामे करून घ्यावीत. एक, भावाचे कान, दात आणि मुख्य म्हणजे रंगदृष्टी तपासून घ्यावी. रंगदृष्टीत दोष निघाला तर पुढची सारी धावपळ व्यर्थ जाते, आणि तो दोष मुलाला स्वतःला कळलेलाही नसतो. दोन, मेळाव्याच्या दिवशी दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका लागतात, झेरॉक्स चालत नाही. महाविद्यालये प्रवेशाच्या वेळी त्या ठेवून घेतात आणि ऐन वेळी कार्यालय बंद असते. त्यामुळे मूळ कागद जमा करतानाच, भरतीसाठी ते तात्पुरते परत मिळतील असे प्राचार्यांकडून लिहून घ्यावे.